तक्ता वाचता येतो, मग चौकट का दिसत नाही?

प्रश्न : आमचं घर सुपा धरणाच्या वरच्या अंगाला आहे. बाबा ६३ वर्षांचे, अजून सुपारीच्या बागेत राबतात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा खांदा सारखा दाराच्या चौकटीवर आपटतो. जेवताना उजव्या बाजूचा तांब्या कलंडतो. मागच्या महिन्यात बागेतल्या पाटात पाय गेला. दांडेलीला शिबिरात नेलं, तिथे त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली. ‘मोतीबिंदू नाही, नजर चांगली आहे,’ असं सांगून परत पाठवलं. बाबाही म्हणतात, मला सगळं दिसतं, अंधार-बिंधार काही नाही. त्यांच्या आईची नजर म्हातारपणी गेली होती. कशाने, ते घरात कुणाला ठाऊक नाही. हे काय असेल? कुठे दाखवू?
— एक वाचक, सुपा (ता. जोयडा, जि. उत्तर कन्नड)

उत्तर : बाबा खरं तेच सांगताहेत आणि शिबिरातला तक्ताही त्यांनी खराच वाचला. तरीसुद्धा त्यांच्या नजरेचा मोठा तुकडा गेलेला असू शकतो. तक्त्यावर परीक्षा होते ती नजरेच्या अगदी मधल्या भागाची. बारीक अक्षर ओळखायला डोळ्याच्या पडद्याचा जो भाग लागतो, तो जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा असतो. चौकट, तांब्या, पाट, पायरी, बाजूने येणारी मोटारसायकल हे सगळं टिपण्याचं काम उरलेल्या पडद्याचं. समोर एका जागी नजर लावली असताना एका डोळ्याला कानाकडे ९० अंशांहून जास्त, नाकाकडे आणि वर सुमारे ६०, खाली ७० अंशांपर्यंत दिसतं. या सगळ्या पसाऱ्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. दवाखान्यात नुसतं ‘फील्ड’ म्हणतात. तक्त्यावर ६/६ आणि फील्ड निम्मं गेलेलं, असे रुग्ण मुळीच दुर्मीळ नाहीत.

आता ‘अंधार-बिंधार काही नाही’ याबद्दल. एक प्रयोग आजच करून बघा. मुलांची एकरेघी वही घ्या. एकाच रेघेवर डावीकडे फुली मारा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर हरभऱ्याएवढा ठिपका भरा. डावा डोळा तळहाताने झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि वही सावकाश जवळ आणा. वही साधारण ३० सेंटिमीटरवर आली की ठिपका नाहीसा होतो. डोळ्याची नस पडद्यातून बाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात हा आंधळा ठिपका असतो. सतराव्या शतकात मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो दाखवून दिला. पण ठिपका गेल्यावर त्या जागी काय दिसतं ते नीट बघा. काळा डाग नाही, भोक नाही. वहीची रेघ तिथून सलग गेलेली दिसते. मेंदूने आजूबाजूचे धागे ओढून ती जागा रफू करून टाकलेली असते.

आजाराने नजरेचा तुकडा जातो तेव्हा बहुतेक वेळा हेच घडतं. त्यात दोन डोळे एकमेकांची उणीव भरून काढतात. त्यामुळे माणसाला आपलं काही गेलंय हे कळतच नाही. कळतं ते खांद्याला, गुडघ्याला, तांब्याला. म्हणून ‘तुम्हाला कुठे काळं दिसतं का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. फील्डचा दोष शोधूनच काढावा लागतो, आणि तोही एकेक डोळा झाकून.

त्याची सुरुवात घरीच करा. भरपूर उजेडात बाबांच्या समोर, हातभर अंतरावर बसा. त्यांना डावा डोळा झाकायला सांगा, तुम्ही तुमचा उजवा झाका. त्यांनी तुमच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचं. दोघांच्या बरोबर मधल्या अंतरावर हात धरून वरच्या-खालच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने एक, दोन किंवा पाच बोटं दाखवा आणि किती ते विचारा. त्यांची नजर बोटांकडे पळाली तर ती खेप मोजू नका. मग दुसरा डोळा. तुमचं स्वतःचं फील्ड चांगलं असेल तर तुम्हाला दिसणारं बोट त्यांनाही दिसायला हवं. डॉक्टरसुद्धा पहिली तपासणी अशीच करतात.

बाबांच्या बाबतीत या तपासणीतून एक फार मोलाची गोष्ट कळेल. उजवीकडचं दिसत नाही म्हटलं की घरचे ‘उजवा डोळा गेला’ असं धरून चालतात. पण दोन्ही डोळ्यांतून निघालेल्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि तिथे निम्मे तंतू बाजू बदलतात. परिणाम असा, की दोन्ही डोळ्यांना दिसणारं उजवीकडचं जग मेंदूच्या डाव्या भागात पोचतं आणि डावीकडचं उजव्या. तेव्हा उजवा डोळा झाकून नुसत्या डाव्या डोळ्यानेही बाबांना उजवीकडची बोटं दिसत नसतील, तर दोष बहुधा डोळ्यात नाही, मेंदूत आहे. अर्धांगवायूचा छोटा झटका येऊन गेला असेल आणि हातापायावरून वारं गेलं नसेल, तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही. असा माणूस वाचताना ओळीतला पुढचा शब्द चुकवतो. डावी बाजू गेलेल्याला पुढची ओळ कुठे सुरू होते ते सापडत नाही. बसच्या पाटीवर ‘रामनगर’ लिहिलेलं असेल तर त्याला ‘नगर’ तेवढं दिसतं.

डावा डोळा उघडा असताना सगळं दिसतं आणि उजव्याने उजवीकडचं दिसत नाही, असं निघालं तर दोष उजव्या डोळ्याचा किंवा त्याच्या नसेचा. दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या बाजू गेल्या असतील तर नसा जिथे एकत्र येतात त्याच जागेवर दाब असतो, बहुधा खालच्या पीयूषिका ग्रंथीच्या गाठीचा. फील्डचा आकार बघून बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते एवढं अचूक सांगता येतं. हे ज्ञान बंदुकीच्या गोळ्यांतूनही आलेलं आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात डोक्यातून गोळी आरपार जाऊनही वाचलेल्या सैनिकांना तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रवैद्याने तपासलं, कुणाच्या नजरेचा कोणता तुकडा गेलाय ते कवटीतल्या जखमेशी ताडून पाहिलं, आणि मेंदूच्या मागच्या भागात नजरेचा नकाशा कसा मांडलेला आहे ते १९०९ मध्ये छापलं.

बाबांच्या आईची नजर गेली होती, हे वाचून मात्र मन काचबिंदूकडे वळतं. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो. आईवडिलांना किंवा भावंडांना असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. डोळ्याच्या नसेत सुमारे १२ लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू, न दुखता मरत जातात, आणि फील्ड तपासणीत खोट दिसायला लागेपर्यंत त्यातले पाव ते एक तृतीयांश संपलेलेही असू शकतात. दक्षिण भारतात गावोगाव झालेल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दर दहा माणसांपैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. शिबिरं मोतीबिंदू शोधायला भरतात आणि ते काम मोठंच आहे. पण पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाच्या नसेकडे तिथे एक नजर टाकली जावी, असा आग्रह आपण गावकऱ्यांनी धरायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तरीही एक मेख आहे. काचबिंदूत नजर जाते ती सहसा नाकाकडच्या बाजूने आणि मधल्या भागाच्या वर-खाली कमानीसारखी. कानाकडची बाजू बहुधा शेवटपर्यंत टिकते. बाबांचा उजवा खांदा आपटतो म्हणजे त्यांची कानाकडची बाजू गेलेली आहे. हे काचबिंदूने झालं असेल तर उजव्या डोळ्यातला आजार खूप पुढे गेलेला आहे, नाहीतर दोष मेंदूत आहे. दोन्हीपैकी काहीही असो, पुढच्या शिबिराची वाट बघत बसण्याजोगी ही गोष्ट नाही. याच आठवड्यात निघा. जाताना रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. झटक्याची शंका आली तर डॉक्टर मेंदूचा एमआरआय आणि हृदयाचा आलेख काढायला सांगतील.

काचबिंदूचं निदान नुसत्या प्रेशरवर होत नाही, हे लक्षात असू द्या. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. पण २१ च्या आत दाब असूनही काचबिंदू होतो, आणि २१ च्या वर दाब असूनही कित्येकांची नस वर्षानुवर्षं ठणठणीत राहते. ‘प्रेशर नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. बाहुली मोठी करून नस बघितली का, डोळ्याचा कोन आरशाच्या भिंगाने बघितला का, आणि फील्ड काढलं का, हे तीन प्रश्न विचारा. बाहुली मोठी करण्याआधी कोन बघतात, कारण तो अरुंद असेल तर त्या थेंबांनी दाब एकदम चढू शकतो. हल्ली नसेच्या तंतूंची जाडी मोजणारा ओसीटीचा स्कॅनही करतात. तो उपयोगी आहे, पण फील्डची जागा घेत नाही.

फील्डच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाबांनी घाबरून अर्ध्यावर सोडून देऊ नये. पूर्वी ही तपासणी साध्या साधनांनी होत असे. कोपनहेगनच्या ब्येरुम यांनी १८८९ मध्ये आपल्या खोलीच्या दाराच्या मागच्या बाजूचाच पडदा करून काचबिंदूतली ती कमान शोधली होती. आता संगणकाचं यंत्र असतं. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारख्या पोकळीसमोर हनुवटी टेकवून बसायचं. एका डोळ्यावर पट्टी. मध्ये एक बारीक दिवा असतो, नजर तिथेच. आजूबाजूला कधी ठळक, कधी अगदी अंधुक ठिणगी चमकते. दिसली की हातातलं बटण दाबायचं. नेहमीच्या तपासणीत ५४ जागा बघतात आणि एका डोळ्याला पाच ते आठ मिनिटं लागतात. ज्यांचं फील्ड उत्तम आहे त्यांनाही निम्म्या ठिणग्या दिसत नाहीत, कारण ‘दिसेल-न दिसेल’ ही सीमा शोधायला यंत्र मुद्दामच प्रकाश कमी करत जातं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस समजतो आपण नापास होतोय आणि न दिसताच बटण दाबत सुटतो. यंत्र तेही पकडतं. मधूनच आंधळ्या ठिपक्यात ठिणगी टाकून नजर हलली का तेही बघतं.

पहिला अहवाल वाईट आला म्हणून लगेच हाय खाऊ नका. पहिल्यांदा बसणारा बहुतेक माणूस चुकतो. पापणी खाली आलेली असेल तर वरचं फील्ड उगीचच काळं छापलं जातं. जवळचा नंबर यंत्रात घातला नाही तर सगळंच फिकं येतं. चांगले डॉक्टर तपासणी पुन्हा करतात आणि दोन-तीन अहवाल शेजारी ठेवून मगच आजार वाढतोय का ते ठरवतात. म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवा. आणखी एक. यंत्रावर बसवणारी मुलगी बहुधा कन्नडमध्ये सूचना देईल; बाबांना ते नीट कळत नसेल तर तुम्ही आत जाऊन त्यांच्या बोलीत आधी समजावून सांगा. या तपासणीत रुग्णाला काय करायचं ते कळणं हीच अर्धी तपासणी आहे.

कुठे जायचं? जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून तुमच्याकडची वस्ती विखुरली आहे, आणि कुणाला कोणतं शहर जवळ हे घर कुठे आहे त्यावर ठरतं. गणेशगुडी-दांडेलीच्या बाजूला असाल तर हुबळी सोयीचं. तिथे पूर्वी किम्स म्हटलं जाणारं सरकारी रुग्णालय आहे आणि एम. एम. जोशी नेत्रसंस्थाही. रामनगरच्या बाजूला असाल तर बेळगाव गाठा, तिथे केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. अनमोड घाट उतरून गोव्यात बांबोळीला जाणारेही पुष्कळ आहेत. निघण्याआधी फोन करून फील्डचं यंत्र त्या दिवशी चालू आहे ना, एवढं विचारा. बाहुली मोठी केली की चार-पाच तास अंधुक दिसतं, तेव्हा बाबांना एकट्याला पाठवू नका. त्यांच्या सगळ्या गोळ्या आणि ड्रॉप पिशवीत घालून न्या.

ड्रॉपचं मुद्दाम लिहिलं. सुपारीवर कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, ते डोळ्यात उडतं, डोळे लाल होतात आणि मेडिकलमधून कुणीतरी ड्रॉप आणून देतं. त्यात स्टिरॉइड असेल तर एका दिवसात आराम पडतो, म्हणून तीच बाटली वर्षानुवर्षं चालते. स्टिरॉइडचे थेंब काही जणांच्या डोळ्यातला दाब गुपचूप वाढवतात आणि नस मारतात. टाळता येण्याजोग्या आंधळेपणात मला सगळ्यात जास्त चटका याचाच बसतो. तसंच घरात कुणाला क्षयाची औषधं चालू असतील आणि मधलंच अंधुक दिसायला लागलं, लाल रंग विटका वाटायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. त्यातल्या इथॅम्ब्युटॉलने नसेला इजा होऊ शकते. ते बंद करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. बाकीची औषधं आपल्या मनाने सोडायची नाहीत.

काचबिंदूत गेलेलं फील्ड परत येत नाही. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने दाब उतरवून उरलेलं राखता येतं, आणि ते आयुष्यभर पुरू शकतं. दवाखान्यात बाबांना काचबिंदू निघाला तर त्यांच्या भावंडांना आणि तुम्हालाही तपासून घ्या. तुम्हाला तक्ता वाचता येतो हे कारण सांगू नका.

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या भावाला अंधार पडला की दिसत नाही, दिवसाही पायातली वस्तू दिसत नाही. आमचे आईवडील नात्यातलेच, मामा-भाची. डॉक्टर म्हणतात नजर ६/९ आहे. मग अपंगत्वाचा दाखला मिळेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानेही रातांधळेपणा येतो आणि तो बरा होतो, म्हणून ते आधी बघून घ्या. पण नात्यातलं लग्न आणि आक्रसत जाणारं फील्ड पाहता पडद्याचा आनुवंशिक आजार, रेटिनायटिस पिगमेंटोसा, असण्याची शक्यता जास्त. यात पडद्याच्या कडेच्या पेशी आधी मरतात आणि नळीतून बघितल्यासारखी नजर उरते. जगात साधारण ४००० माणसांमागे एकाला हा आजार असतो. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत २००६ ते २००९ या काळात ४७११ प्रौढांची पाहणी झाली, तिथे तो साडेसातशे माणसांमागे एक असा सापडला. बहुतेक प्रकारांवर मूळ इलाज अजून नाही. मात्र त्याच्यासोबत येणारा मोतीबिंदू आणि पडद्याची सूज यांवर उपचार होतात, तेव्हा तपासणी सोडू नका. भावाला रात्री गाडी चालवू देऊ नका.

दाखला मिळू शकतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये नुसती तक्त्यावरची नजर धरलेली नाही. दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व, मग मधली नजर ६/६ का असेना. अर्जासोबत फील्डचा अहवाल जोडा. तक्त्याच्या आकड्यावरून परत पाठवत असतील तर कायद्यातली ही व्याख्या त्यांच्यासमोर ठेवा.

प्रश्न : आजी ८१ वर्षांची आहे, काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर बरीच गेली आहे. हल्ली रिकाम्या ओटीवर तिला माणसं बसलेली दिसतात, कधी फुलांची नक्षी दिसते. घरात देवाला कौल लावायचं चाललंय.
— एक वाचक, रामनगर

उत्तर : आजीला एकच विचारा, ती माणसं खरी वाटतात का? ‘नाही, पण दिसतात’ असं म्हणाली, ती माणसं बोलत नसतील आणि तिचं बाकीचं भान चोख असेल, तर हे वेड नाही आणि बाधाही नाही. डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदूचा नजरेचा भाग आपल्याच साठ्यातून चित्रं काढतो. शार्ल बॉने या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं, त्यावरून याला बॉनेचं नाव पडलं. असं दिसणारे पुष्कळ म्हातारे घरचे वेड्यात काढतील या भीतीने बोलतच नाहीत. तुमची आजी बोलली हे बरं झालं. ओटीवर उजेड वाढवा. चित्र दिसलं की नजर डावीकडून उजवीकडे भराभर फिरवायला सांगा, बहुतेकदा ते विरतं. पण ती माणसं बोलायला लागली, आजी त्यांना खरी मानायला लागली किंवा नावं-दिवस विसरायला लागली, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. कौल लावायचा तर लावा, त्याने काही बिघडत नाही. काचबिंदूचे थेंब मात्र एकाही दिवशी चुकू देऊ नका.